अर्धा चोक

ज्या कलाकृतीचं हे रसग्रहण आहे, ती जेमतेम दोन मिनिटांची. वेळ जानेवारीतली पहाट, स्थळ मुलुंडमधल्या आमच्या जुन्या सोसायटीचं आवार, आणि नायिका आमची प्रीमियर पद्मिनी. रात्रभर उघड्यावर उभी, टपावर दव. वडील चोक ओढत, किल्ली फिरवत. स्टार्टर दोन-तीनदा कण्हे, मग एक सिलिंडर पेटे, उरलेले तिघं अडखळत त्याला येऊन मिळत आणि सायलेन्सरमधून काळसर धुराचा भपका निघून गाडी घुमू लागे. वडील कान देऊन चोक अर्धा आत सारत, थोड्या वेळाने पूर्ण, की निघालो.

पहिली गोम अशी की इंजिनात पेट्रोल जळत नाही, पेट्रोलची वाफ जळते. एक भाग पेट्रोलला वजनाने साधारण 14.7 भाग हवा, हे पूर्ण ज्वलनाचं प्रमाण. पण थंड इंजिनात पेट्रोलचा हलका अंश तेवढा वाफ होतो. जड अंश थेंबांच्या रूपात मॅनिफोल्डच्या गार भिंतींना चिकटून बसतो. त्यात स्टार्टरवर इंजिन इतकं सावकाश फिरतं की हवेला वेग नसतो आणि जेटमधून पेट्रोल वर ओढलं जात नाही. म्हणजे दोन्हीकडून उपासमार. यावर उपाय एकच, हिशेबाच्या कितीतरी पट पेट्रोल ओतायचं, म्हणजे त्यातला वाफ होणारा चिमूटभर भाग तरी ठिणगीच्या कामी येईल. चोक म्हणजे जाणूनबुजून केलेली चूक. ती करायला कुणालाही जमतं. ती वेळेवर मागे घेण्यात सगळी कारागिरी.

आमच्या गाडीवर सोलेक्स जातीचा कार्बोरेटर होता आणि या रचनेतली मला सर्वात आवडणारी जागा त्यातच आहे. बऱ्याच गाड्यांत चोक म्हणजे हवेच्या वाटेवरची एक झडप. ती मिटली की हवा कोंडते आणि पेट्रोल जास्त ओढलं जातं. सोलेक्सवाल्यांनी वेगळा विचार केला. त्यांनी मोठ्या कार्बोरेटरच्या कुशीत एक छोटा, फक्त थंड इंजिनासाठीचा कार्बोरेटर बसवला. त्याचं जेट निराळं, हवेची वाट निराळी, आणि त्याचं तोंड उघडतं थ्रॉटलच्या झडपेच्या पलीकडे, इंजिनाच्या बाजूला. थ्रॉटल मिटलेला असेल तरच तिथे इंजिनाची ओढ लागते. अ‍ॅक्सिलरेटरवर पाय पडला की ती ओढ संपली आणि छोटा कार्बोरेटर गप्प. म्हणून नियम: चोक ओढलाय ना, मग पाय लांब ठेव. घाबरलेल्या माणसाचा पाय मात्र नेमका तिथेच जातो. मी शिकत असताना रोज तेच करायचो, दहा वेळा पंप मारायचो आणि प्लग ओले करून ठेवायचो. 'ओव्हर झाली' असं म्हणत वडील शेजारच्या सीटवरून माझ्या जागी यायचे, चोक पूर्ण आत, पाय तळापर्यंत दाबून सेल्फ मारायचे, नुसती हवा खेळवून सिलिंडर वाळवायचे.

आता थंडीविषयी. हे यंत्र मूळचं इटलीचं, फियाट 1100 चं; 1089 सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन. आल्प्सच्या पायथ्याशी वसलेल्या तुरिनमध्ये हिवाळ्यात रात्री पारा शून्याखाली जातो. तिथून ते आलं कुर्ल्याला, सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कारखान्यात. 1964 पासून गाडीचं नाव डिलाइट, 1974 पासून पद्मिनी. आणि मुंबईची थंडी ती केवढी? सांताक्रूझच्या वेधशाळेत 22 जानेवारी 1962 रोजी 7.4 अंश नोंदले गेले, तो इथला नीचांक. एरवी जानेवारीत सोळा-सतरा अंशांवर आम्ही मफलर काढतो. बोरिवली-मुलुंडला जंगल आणि डोंगर जवळ, म्हणून आणखी थोडा गारवा, इतकंच. बर्फासाठी घडवलेली कळ उपनगरात कायम अर्धीच ओढली गेली. पूर्ण ओढली की धूर जास्त आणि पहिल्या मजल्यावरून खोकला ऐकू यायचा. तो धूर मी सजवून सांगणार नाही. अर्धवट जळलेलं पेट्रोल आणि कार्बन मोनॉक्साइड, दुसरं काय? शिवाय ते जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन नेतं ते वेगळंच.

या कलाकृतीचा खरा वाचक होता घाटकोपरला एलबीएस मार्गावर गॅरेज असलेला आमचा मिस्त्री. तो गाडी गरम झाल्याशिवाय स्क्रूला हात लावत नसे. एक स्क्रू 'स्लो'चा, दुसरा मिक्शरचा. मिक्शरचा स्क्रू आत पिळत न्यायचा, इंजिन लटपटायला लागलं की थांबायचं, मग हळूहळू बाहेर, आवाज गोल होईपर्यंत. नंतर प्लग खोलून उजेडात धरायचा. टोक काजळीने माखलेलं असेल तर पेट्रोल जास्त, पांढरं पडलं असेल तर कमी, बिस्किटासारखं तांबूस असेल तर बरोबर. आमच्याकडे प्लग कधी बिस्किटाच्या रंगाचा राहिला नाही, कारण वडिलांना अ‍ॅव्हरेज हवं असे. स्क्रू जरा आवळून घ्या, एवढंच त्यांचं मागणं. मग घरी सकाळी चोक आत सारला की गाडी बंद. तिसऱ्या खेपेला मिस्त्री म्हणाला, "काका, अ‍ॅव्हरेज हवं की ऑफिस?" वडिलांनी ऑफिस निवडलं, पण डिसेंबर ते फेब्रुवारीपुरतंच. मार्च लागला की स्क्रू पाव फेरा परत आत.

ही सगळी कसरत आता यंत्र स्वतःच करतं. नव्या गाडीतला संगणक इंजिनाच्या पाण्याचं तापमान पाहून इंजेक्टर जास्त वेळ उघडा ठेवतो आणि पाणी तापेल तसतसा वेळ कमी करत जातो. चूक तीच, माघारही तीच, आणि वडिलांपेक्षा अचूक. कान द्यायला मात्र काही उरलं नाही.

मुंबईत पद्मिनीची शेवटची टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून 30 ऑक्टोबर 2023 पासून या टॅक्सी रस्त्यावरून गेल्या. कुर्ल्यात कारखान्याची आठवण प्रीमियर रोडच्या पाटीवर राहिली आहे. टॅक्सी जाण्याच्या काही वर्षं आधी अंधेरीहून मी एका पद्मिनीत बसलो होतो. ती सीएनजीवर चालणारी. सीएनजी मुळात वायूच, त्याला वाफ व्हायचं काम नाही. चोकच्या कळीला डब्याची पिशवी लोंबत होती. मी टक लावून बघतोय म्हटल्यावर ड्रायव्हर हसला. "गॅस पे है साब. ये तो अभी खूँटी है."