बहिणाबाईंच्या पतीचा ज्वर आणि आमचे आख्यान

संत बहिणाबाई शिऊरकरांच्या आत्मनिवेदनातील एका प्रसंगाविषयी लिहितो आहे. हा प्रसंग मी चाळीस वर्षे कीर्तनात सांगितला, आणि चुकीचा सांगितला, असे आता माझे मत झाले आहे. तेव्हा हे परीक्षण ग्रंथाचे आहे तसे आम्हा कीर्तनकारांचेही आहे.

प्रसंग आपल्याला ठाऊक आहेच, तरी उजळणी करतो. बहिणाबाईंचा जन्म शके 1550 चा, म्हणजे इ.स. 1628. वेरूळच्या बाजूचे देवगाव हे माहेर. लग्न अगदी अजाण वयात, पती वयाने पुष्कळ मोठे, विद्वान आणि तापट. फिरत फिरत कुटुंब कोल्हापूरला आले. तिथे जयरामस्वामींची कीर्तने, ते वासरू, वासराचे मरण आणि तुकोबांचा स्वप्नातला अनुग्रह. तुकोबा जातीने शूद्र, म्हणून पतीला ते सहन होईना. मारहाण त्याआधीच झाली होती. शेवटी पत्नी गर्भवती असताना तिला टाकून निघून जायचे त्यांनी ठरवले. निघायच्या वेळीच ज्वराने अंथरूण धरले. बहिणाबाई रात्रंदिवस उशाशी. त्या माणसाला वाटू लागले की पांडुरंगाची आणि तुकोबांची निंदा केली, त्याचेच हे फळ. मग एक वृद्ध ब्राह्मण येतो आणि विचारतो, हिचा अपराध काय, हिला का टाकतोस? पती शरण येतात, बरे होतात आणि पुढे सारे बिऱ्हाड देहूची वाट धरते.

आम्ही याचे काय करतो? निंदा केली, ताप आला. शरण गेला, ताप उतरला. मृदंगावर थाप पडते, टाळकरी उचलून धरतात, माना डोलतात. वाघोलीच्या रामेश्वरभट्टांच्या अंगाचा दाह तुकोबांच्या अभंगाने शमला, ही कथा श्रोत्यांच्या कानांत आधीच असते. तिच्याच साच्यात ही दुसरी ओतली की कीर्तन उभे राहायला वेळ लागत नाही. मीही तेच केले.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी सोलापूरजवळ चिंचोळी एमआयडीसीत सप्ताहाला गेलो होतो. कामगारांनीच वर्गणी काढून मंडप घातला होता. दिवसपाळी सुटली की माणसे सायकली लावून तशीच हातपाय धुऊन टाळ घेत. रात्रपाळीची मंडळी पहिला अभंग संपता संपता उठून जात. माझ्या सेवेला मी हेच आख्यान घेतले. रंगले, खोटे कशाला बोलू. आरतीनंतर एक बाई पाया पडली आणि तिथेच बसून राहिली. टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला जाणारी, गळ्यात माळ, कपाळ मोकळे. म्हणाली, "महाराज, आमच्या मालकांनी कुणाची निंदा न्हाई केली ओ कधी. पंढरीची वारी होती त्यांची. मी पांडुरंगाला लई हाका मारल्या. मग माझं काय कमी पडलं?"

मी पूर्वसंचित, प्रारब्ध असले काही बोललो. ती "बरं" म्हणाली आणि डबा उचलून निघाली. त्या "बरं"ने मला पुढे किती तरी रात्री झोप लागू दिली नाही.

आता ग्रंथाकडे येऊ. माउली, मूळ अभंग क्रमाने वाचा, आख्यान म्हणून नको. मला दोन गोष्टी दिसल्या. पहिली, निंदेमुळे रोग झाला हे वाक्य कोणाच्या तोंडी आहे? ते रोग्याच्या स्वतःच्या तोंडी आहे. ज्याने मारले, ज्याने टाकायचे ठरवले, त्याच्या मनाने दिलेली ती कबुली आहे. बहिणाबाई ते त्याच्यावर लादत नाहीत. उशाशी बसलेल्या, मार खाल्लेल्या बाईला 'भोगा आता' म्हणायचा अधिकार होता. ती म्हणाली नाही. तिने सेवा केली. आलेला वृद्धही देवाच्या अपमानाचा हिशेब मागत बसत नाही. बायकोचा अपराध काय, एवढेच विचारतो. एका माणसाने स्वतःच्या छातीवर हात ठेवून काढलेले उद्गार आम्ही उचलले आणि साऱ्या रोग्यांना लागू पडेल असा कायदा करून टाकला.

दुसरी गोष्ट त्याहून अवघड. पती सोडून जाणार असे दिसताच बहिणाबाई डळमळतात आणि ते लपवीत नाहीत. मूर्तीतला विठ्ठल आणि स्वप्नात भेटलेले तुकोबा यांच्यासाठी डोळ्यांसमोरचा संसार का गमवावा, असा विचार त्या सरळ मांडून मोकळ्या होतात. हे अभंग कीर्तनात कोणी घेत नाही. घ्यायची भीती वाटते. पण हिशेब पाहा: जेव्हा श्रद्धा सर्वांत पातळ झाली होती, त्याच्या पाठोपाठ पती बरे झाले. मग श्रद्धेच्या वजनावर आरोग्य मिळते हे गणित या ग्रंथातून कसे निघते? आणि बरे होऊन तरी सुख कोठे लागले! देहूला मंबाजीचा जाच वाट पाहतच होता.

आता याच्या शेजारी तुकोबांचा संसार ठेवा. पहिल्या पत्नीला दम्याची व्यथा होती असे परंपरा सांगते. 1630 च्या सुमाराच्या त्या भयंकर दुष्काळात ती अन्नावाचून गेली, मुलगाही गेला. तुकोबांनी हे आपल्या अभंगात स्वतः नोंदवले आहे. तिथे कारणमीमांसा नाही. कोणाचे पाप, कोणाची कमी पडलेली भक्ती, काही नाही. लाज वाटली, दुःख झाले, व्यापार बुडाला, आणि मग पडक्या देवळाकडे लक्ष गेले. एवढेच. ज्यांच्या स्वप्नातल्या अनुग्रहाने बहिणाबाईंचे घर सावरले, त्यांच्या स्वतःच्या घरी कोणी वृद्ध ब्राह्मण आला नाही. आमच्यापैकी किती जणांनी ही दोन घरे एका कीर्तनात घेतली? मी घेतली नाहीत.

म्हणून आजारात देवाला मागूच नये, असे कोणी समजू नका. गीतेच्या सातव्या अध्यायात भगवंतांनी आर्ताला भक्तांत गणले आहे आणि चौघांनाही उदार म्हटले आहे. ज्ञान्याचा मान वेगळा, पण कळवळून हाक मारणाऱ्याला त्यांनी दाराबाहेर ठेवले नाही. पोटचे पोर तापाने फणफणत असताना निष्काम राहा असे आईला सांगणारा शहाणा मला तरी नको.

सहा वर्षांपूर्वी मलाच घशाचा रोग निघाला. शस्त्रक्रिया झाली, त्यानंतर किरणांचा उपचार. नामाचा आधार होता. डॉक्टरांचे हात होते. बायकोने तीन महिने पातळ पेज भरवली. शेजारच्या खाटेवर तीस वर्षे आळंदीहून पायी चालणारा माळकरी होता. रोग तोच, गोळ्या त्याच, पहाटेचा हरिपाठ आम्ही दोघे मिळून म्हणायचो. माझा आवाज फुटत नसे, मी ओठ हलवायचो. तो गेला, मी राहिलो. घरी आल्यावर लोक म्हणू लागले, "महाराजांची पुण्याई." मी पाटीवर लिहून दाखवायचो की असे बोलू नका. कोणाला ते विनय वाटले.

आवाज परत आला तो उभे राहून कीर्तन करण्याजोगा नव्हता. मागच्या चैत्रात मुलाला सोबत घेऊन चिंचोळीला गेलो. ती बाई भेटली, अजून कामावर जाते. मी म्हटले, "ताई, त्या दिवशी मी सांगितले ते बहिणाबाईंचे नव्हते, माझे होते." तिने जरा वेळ माझ्याकडे पाहिले. म्हणाली, "मला वाटलंच हुतं. तीबी बाईच हाय की." मग तिने चहा टाकला आणि आषाढीला मोहोळमार्गे निघणाऱ्या त्यांच्या दिंडीत यंदा किती बायका आहेत ते सांगू लागली.