‘कासे’ शब्दाची व्युत्पत्ती आणि जुन्नरचा ‘कासाकार’

धातूंच्या नावांचा विचार करताना व्युत्पत्तिकार बहुधा एखादे क्रियामूल प्रथम गृहीत धरतात व अर्थ मागाहून जुळवितात. मराठी ‘कासे’ या शब्दाच्या बाबतीत ही पद्धती कितपत टिकते, हे तपासणे उद्बोधक ठरेल.

उणादिसूत्रांत ‘कंस’ हा शब्द इच्छार्थक ‘कम्’ या मूलास ‘स’ प्रत्यय लावून साधलेला आहे. ‘हंस’ व ‘वत्स’ हेही त्याच सूत्राने सिद्ध होतात. रूपसिद्धी म्हणून हे निर्दोष असले, तरी इच्छेपासून काशापर्यंतचा अर्थमार्ग त्यातून उलगडत नाही. याउलट अथर्ववेदात ‘कंस’ हे दोहनप्रसंगीचे पात्र आहे. पाणिनीने (४.३.१६८) ‘कांस्य’ हे रूप ‘कंसीय’ म्हणजे ‘कंसासाठी योग्य’ या शब्दावरून साधले आहे. अर्थात् पात्राचे नाव आधीचे व धातूचे नंतरचे होय.

केवळ ध्वनिसाम्यावर विसंबण्यातील धोका जर्मानिक भाषांत स्पष्ट दिसतो. लॅटिन ‘आर्गेन्टुम्’ व संस्कृत ‘रजत’ एकाच मूलाचे आहेत; परंतु रुप्याचा गॉथिक शब्द ‘सिलुब्र’ त्या कुलात बसत नाही. लिथुआनियन ‘सिदाब्रास’शी त्याचे साम्य उघड असूनही ध्वनिसंवाद नियमित नाही. म्हणून तेथील अभ्यासकांनी ओढूनताणून मूल न शोधता तो शब्द परकुलातून आलेला मानला. ‘कम्’बाबतही हाच संयम इष्ट आहे.

‘कासे’च्या पुढील इतिहासास मात्र जुन्नरचा भक्कम आधार मिळतो. तेथील लेण्यांतील एका प्राकृत लेखात, श्रेणींकडे ठेवलेल्या ठेवीच्या संदर्भात, वेळूकाम करणाऱ्यांबरोबर ‘कासाकार’ आले आहेत. ‘कांस्यकार’ आणि ‘कासार’ यांमधील हा प्रत्यक्ष दुवा होय. येथे ‘स्य’चा ‘स’ झालेला आहे, मधला ‘क’ मात्र अद्याप टिकून आहे. पुढे त्याचा लोप होऊन व स्वर एकत्र येऊन ‘कासार’ सिद्ध झाला. अनुस्वाराच्या अभावावरून मात्र निष्कर्ष काढणे युक्त नव्हे, कारण ब्राह्मी लेखांत तो अनेकदा गाळला जातो.

आज जुन्नर-आंबेगावकडे ‘कासार’ म्हटले की भांड्यांइतक्याच बांगड्याही डोळ्यांपुढे येतात. हा उत्तरकालीन अर्थ लेखातील शब्दावर लादणे आणि ‘कंस’वर ‘कम्’ लादणे, हे दोष एकाच जातीचे आहेत. व्युत्पत्तीत रूपाइतकाच अर्थाचा प्रत्येक टप्पाही पुराव्याने सिद्ध झाला पाहिजे.