सूज, रक्तवाहिन्या आणि विस्मरण

आज मला एका वाक्याबद्दल बोलायचंय. तुम्हीही ते कुठे ना कुठे ऐकलं असेल: ‘अल्झायमर म्हणजे शेवटी मेंदूची सूज, सूज उतरवली की विस्मरण थांबतं.’ या वाक्याचा पहिला भाग अर्धा खरा आहे, दुसऱ्याला पुरावा नाही. आणि या घोळात जे खरोखर आपल्या हातात आहे, तेच बाजूला पडतं.

आलोइस अल्झायमर यांनी ऑगुस्टे डेटर या रुग्णबाईंचा मेंदू तपासला आणि १९०६ साली ट्यूबिंगनला त्यावर भाषण दिलं. पुढच्या वर्षी छापलेल्या टिपणात पेशींमधल्या गुंत्यांबरोबर आणखी दोन गोष्टी आहेत: ग्लिया पेशींतले बदल, आणि मेंदूच्या मोठ्या रक्तवाहिन्या कठीण झालेल्या. म्हणजे आजच्या चर्चेचे धागे पहिल्याच टिपणात होते. १९९२ साली अमायलॉइडचा सिद्धांत मांडला गेला आणि संशोधनाचा मोठा ओघ तिकडे वळला. ‘बाकीचं दुर्लक्षित राहिलं’ ही तक्रार म्हणून मला बरीचशी मान्य आहे. पण एका टोकाची चूक दुसऱ्या टोकाला जाऊन सुधारत नाही.

आता सूज म्हणजे काय ते बघा. इथे पाय सुजतो तशी सूज नसते. मायक्रोग्लिया नावाच्या पेशी मेंदूत पहारा देतात, कचराही उचलतात. त्या दीर्घकाळ चवताळलेल्या राहिल्या तर आसपासच्या पेशींचं नुकसान होतं. इथवर ठीक. पण २०१२च्या अखेरीस ट्रेम-२ या जनुकाबद्दल निष्कर्ष आले. या जनुकातल्या ज्या बदलांमुळे मायक्रोग्लियांचं काम कमजोर होतं, त्यांनी अल्झायमरचा धोका वाढतो. मग सांगा, या पेशींना सरसकट गप्प करायचं का?

तसा प्रयत्न झालाही. संधिवातासाठी वेदनाशामक गोळ्या घेणाऱ्यांत अल्झायमर कमी दिसतो, असं काही निरीक्षणांत आढळलं होतं. म्हणून ‘अडॅप्ट’ या अमेरिकी चाचणीत सत्तरी गाठलेल्या लोकांना नेप्रोक्सेन किंवा सेलेकॉक्सिब दिलं. २००४च्या डिसेंबरात हृदयाच्या धोक्याच्या शंकेनं गोळ्या थांबवल्या. अल्झायमरपासून संरक्षण काही दिसलं नाही.

रक्तवाहिन्यांची बाजू जास्त भक्कम आहे. अमेरिकेतल्या जोगिणींचा, म्हणजे नन्सचा, अभ्यास १९९७ साली आला. मृत्यूनंतर ज्यांच्या मेंदूत अल्झायमरच्या खुणा पुरेशा सापडल्या, त्या ६१ जणींपैकी ज्यांच्या मेंदूच्या खोल भागात रक्तपुरवठा तुटल्याचे छोटे व्रण होते, त्यांच्यात स्मृतिभ्रंश कितीतरी जास्त होता. अल्झायमरच्या खुणा नसलेल्यांत मात्र अशा व्रणांचा परिणाम फिका होता. म्हणजे रक्तवाहिनीचा बिघाड बहुधा आजार पेटवत नाही. आजार सोसण्याची मेंदूची ताकद कमी करतो.

पण इथंही ताणू नका. ‘स्प्रिंट माइंड’ चाचणीत नऊ हजारांहून अधिक लोक होते. एका गटाचा वरचा रक्तदाब १२०च्या खाली, दुसऱ्याचा १४०च्या खाली ठेवायचं ठरलं. २०१९चा निकाल असा: सौम्य बौद्धिक घट कमी झाली, स्मृतिभ्रंशातला फरक मात्र खात्रीनं सांगण्याइतका नव्हता. चाचणी वेळेआधी थांबली होती, हे कारण असू शकतं. शिवाय मधुमेही लोक तिच्यात नव्हतेच. आपल्याकडे घरोघरी मधुमेह आहे, तेव्हा हा निकाल जसाच्या तसा इथं लावताना जपून.

माझा आक्षेप शास्त्रावर नाही, त्याच्या घाऊक विक्रीवर आहे. घरातले आजोबा रक्तदाबाची गोळी ‘आता बरं वाटतंय’ म्हणून सोडतात आणि सूज उतरावी म्हणून रोज वेदनाशामक घेतात. ही गोळी रक्तदाब वाढवू शकते, मूत्रपिंडालाही त्रास देते. मेंदू वाचवायला निघालो आणि ज्या वाटेनं त्याला रक्त जातं तीच खराब केली, असं होतं.

रक्तदाब, साखर, तंबाखू, चालणं. यांत नवीन काही नाही, म्हणून ते विकलं जात नाही. अल्झायमर टळेल अशी हमी यातून मी देणार नाही. पण पुरावा ज्या बाजूला झुकतो, ती बाजू हीच आहे.

आता प्रश्न घेऊ.