‘सामान्य’ वाक्प्रचार कोणाचे? : महाविद्यालयीन प्रवेशपरीक्षा आणि इंग्रजी वाक्प्रचारांचे अध्ययन

वाक्प्रचाराचा अर्थ त्यातील शब्दांच्या बेरजेतून हाती येत नाही. संस्कृत साहित्यशास्त्राने लक्षणेचे रूढिमूलक आणि प्रयोजनमूलक असे दोन प्रकार मानले आहेत. मम्मटाने रूढिमूलक लक्षणेसाठी ‘कुशल’ या शब्दाचे उदाहरण घेतले. मूळ अर्थ दर्भ आणणारा. रूढीने आलेला अर्थ निपुण. आज हा शब्द ऐकताना कोणालाही दर्भ आठवत नाही. वाक्प्रचाराचे सामर्थ्य आणि त्याची अडचण या दोन्ही गोष्टी येथेच आहेत. रूढी ज्याच्या अंगवळणी पडली आहे त्याला अर्थ आपसूक कळतो. जो त्या रूढीच्या बाहेर वाढला त्याला तर्काच्या बळावर तेथवर पोहोचता येत नाही. तर्काने न सापडणारी ही गोष्ट महाविद्यालयीन प्रवेशासाठीच्या प्रमाणित परीक्षेत विचारली जाते, तेव्हा नेमके काय मोजले जाते, असा प्रश्न उपस्थित होतो. या प्रश्नाचे सर्वांत जुने आणि सर्वाधिक चर्चिले गेलेले उदाहरण अमेरिकेतील ‘सॅट’ ही परीक्षा होय.

सॅटची पहिली परीक्षा जून १९२६ मध्ये झाली. तिला सुमारे आठ हजार विद्यार्थी बसले होते. तिच्या रचनेचे नेतृत्व प्रिन्स्टन विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ कार्ल ब्रिगम यांच्याकडे होते. ब्रिगम यांनी १९२३ मध्ये अमेरिकनांच्या बुद्धिमत्तेवर ग्रंथ लिहून वंशांची बौद्धिक प्रतवारी मांडली होती. १९३० मध्ये त्यांनीच ती प्रतवारी निराधार ठरवून मागे घेतली. इंग्रजीचा परिचय नसलेल्यांना इंग्रजीतून तपासून त्यांच्या बुद्धीविषयी निष्कर्ष काढता येत नाही, हे त्यांच्या माघारीचे एक प्रमुख कारण होते. परीक्षेच्या जन्मकाळीच उद्भवलेली ही शंका पुढील शतकभर तिच्या भाषाविभागाची सोबत करीत राहिली. १९९४ मध्ये विरुद्धार्थी शब्दांचे प्रश्न वगळण्यात आले. २००५ मध्ये शब्दसंबंधांचे प्रश्न गेले आणि लेखनाचा स्वतंत्र विभाग आला. २०१६ च्या फेररचनेत वाक्यपूर्तीचे प्रश्नही गेले.

२००५ च्या लेखनविभागात वाक्यातील चूक ओळखण्याचे आणि वाक्य सुधारण्याचे प्रश्न होते. त्यांतील काही चुका व्याकरणाच्या नियमांत बसत. काही मात्र केवळ रूढीच्या असत. अमुक क्रियापदानंतर अमुकच शब्दयोगी का यावा, याला नियम नसतो. ‘डिफरंट’ या शब्दापुढे ‘फ्रॉम’ यावे, असे तयारीची पुस्तके शिकवीत. प्रत्यक्षात अमेरिकन व्यवहारात ‘दॅन’ आणि ब्रिटिश व्यवहारात ‘टू’ हेही शब्द त्या जागी येतात. २०१६ नंतरच्या आराखड्यात या प्रकारच्या प्रश्नांना ‘रूढ अभिव्यक्ती’ अशा आशयाचे स्वतंत्र नाव होते. परदेशांत २०२३ पासून आणि अमेरिकेत २०२४ पासून सुरू झालेल्या संगणकीय सॅटमध्ये मात्र प्रमाण इंग्रजीच्या नियमांचे दोनच गट उरले : वाक्यांच्या सीमा, आणि रूप, रचना व अर्थ. रूढ अभिव्यक्तीचा वेगळा गट तेथे नाही. अभ्यासपुस्तकांतील वाक्प्रचारांच्या याद्या मात्र परीक्षेच्या आराखड्याबरोबर नाहीशा होत नाहीत. त्यांचा एक स्वतंत्र ग्रंथप्रकारच झाला आहे, आणि त्याची चिकित्सा साहित्याच्या अंगाने होणे आवश्यक आहे.

या याद्यांच्या शीर्षकात बहुधा ‘सामान्य’ हे विशेषण असते. चिकित्सेची सुरुवात याच विशेषणापासून केली पाहिजे. ‘टेक अ रेन चेक’ हा वाक्प्रचार अमेरिकनांना सामान्य वाटतो. त्याचा उगम बेसबॉलच्या मैदानात आहे. पावसाने सामना बंद पडला, तर प्रेक्षकाला पुढील सामन्यासाठी चालणारी चिठ्ठी मिळे. त्यावरून ‘आज नको, पुन्हा केव्हा तरी’ असा अर्थ रूढ झाला. ‘बार्क अप द राँग ट्री’ यामागे अमेरिकेतील जंगलात कुत्र्यांच्या साहाय्याने होणारी शिकार आहे : सावज एका झाडावर आणि कुत्रा भुंकतो दुसऱ्याच झाडाखाली. याउलट ‘स्टिकी विकेट’ हा क्रिकेटमधून आलेला इंग्रजी वाक्प्रचार नागपूरच्या किंवा इंदूरच्या मुलाला चटकन उमगेल आणि शिकागोच्या मुलाला बुचकळ्यात टाकील. भाषा एकच, वाक्प्रचार तिन्ही प्रचलित. परंतु कोणता ‘सामान्य’ हे मैदान कोणते यावर ठरते. ‘सामान्य’ हे विशेषण वाक्प्रचाराचा गुण सांगत नाही. ते यादी करणाऱ्याचा पत्ता सांगते.

या निरीक्षणाला संशोधनाचाही एक आधार आहे. एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस या परीक्षासंस्थेत दीर्घकाळ काम केलेले रॉय फ्रीडल यांचा लेख २००३ मध्ये ‘हार्वर्ड एज्युकेशनल रिव्ह्यू’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. एकूण गुण सारखे असलेल्या कृष्णवर्णीय आणि श्वेतवर्णीय विद्यार्थ्यांची तुलना करता, सोप्या समजल्या गेलेल्या भाषिक प्रश्नांत कृष्णवर्णीय विद्यार्थी मागे पडतात आणि कठीण प्रश्नांत ते तुलनेने सरस ठरतात, असे त्यांनी दाखविले. त्यांचे स्पष्टीकरण असे, की सोप्या प्रश्नांतील शब्द रोजच्या वापरातले असतात आणि म्हणूनच त्यांच्या अर्थच्छटा समाजागणिक बदलतात. कठीण प्रश्नांतील दुर्मीळ शब्द सगळेच शाळेत आणि पुस्तकांत शिकतात. या मांडणीच्या सांख्यिकी पद्धतीवर आक्षेप घेतले गेले. २०१० मध्ये सांतेलिसेस आणि विल्सन यांनी त्याच नियतकालिकात नव्या सामग्रीच्या आधारे, भाषिक प्रश्नांपुरता, हा संबंध काही अंशी पुन्हा आढळल्याचे नोंदविले. फ्रीडल यांचा अभ्यास वाक्प्रचारांपुरता नव्हता. परंतु त्यांचे स्पष्टीकरण वाक्प्रचाराला विशेषच लागू पडते. अवघड शब्द कोशातून मिळवता येतो; सोपा वाक्प्रचार घरातून मिळतो.

आता यादीकडे एक संहिता म्हणून पाहता येईल. तिचे रूप ठरलेले असते : वाक्प्रचार, त्याचा अर्थ आणि एक वाक्य. क्रम वर्णानुक्रमाचा. या रचनेत तीन गोष्टी निसटतात.

पहिली गोष्ट म्हणजे प्रसंगौचित्य. ‘किक द बकेट’ याचा अर्थ यादीत ‘मरणे’ एवढाच येतो. मराठीत ‘देवाज्ञा होणे’, ‘कालवश होणे’, ‘राम म्हणणे’ आणि ‘गचकणे’ या सर्वांपुढे हाच अर्थ लिहिता येईल. पण शोकपत्रात ‘गचकले’ असे लिहिणाऱ्याला मराठी येते असे कोणी म्हणणार नाही. यादी अर्थ देते, पण तो कोणी, कोणाविषयी, कोणत्या सुरात उच्चारावा हे सांगत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे वाक्प्रचाराचे गोठलेपण. ‘कानाला खडा लावणे’ यात खड्याऐवजी दगड चालत नाही. इंग्रजी वाक्प्रचारांतही काही कर्मणी प्रयोगात जातात, काही जात नाहीत. बादलीचा वाक्प्रचार कर्मणी केला, की खरोखरच कोणी तरी बादली लाथाडली असा अर्थ होतो. यादीतील एकुलत्या एका वाक्यावरून ही मर्यादा कळण्याचा मार्ग नसतो.

तिसरी गोष्ट स्मृतीची आहे. वाक्प्रचार हा बहुधा एखाद्या व्यवसायाचा, खेळाचा किंवा घटनेचा अवशेष असतो. ‘नमनाला घडाभर तेल’ यात खेळापूर्वीच जळून जाणाऱ्या दिव्यांचे तेल आहे. ‘ध चा मा करणे’ यात १७७३ मधील नारायणराव पेशव्यांच्या वधाची आणि ‘धरावे’चे ‘मारावे’ झाल्याच्या लोककथेची छाया आहे. अर्थाच्या रकान्यात ‘मजकुरात फेरफार करणे’ एवढेच लिहिले, तर वाक्प्रचारातील भीषणता नाहीशी होते. इंग्रजी याद्यांनी बायबल, जहाज, शिकार आणि मैदान यांचे हेच केले आहे.

बहुपर्यायी प्रश्नामुळे या उणिवांत आणखी एका उणिवेची भर पडते. वाक्प्रचाराचा अर्थ विचारताना चार पर्यायांत एक पर्याय हटकून शब्दशः अर्थाचा ठेवण्याची प्रथा आहे. झाडाच्या वाक्प्रचारात ज्या पर्यायात कुत्रा किंवा झाड आहे तो बाद करावा, एवढे समजलेल्या विद्यार्थ्याला वाक्प्रचार माहीत नसतानाही उत्तराच्या जवळ जाता येते. शिकवणीत ही युक्ती मिळते. अशा वेळी परीक्षा भाषेची राहत नाही, परीक्षेचीच होते.

तथापि यादीला दोष देऊन थांबणे अन्यायाचे ठरेल. जे घरात मिळत नाही ते निदान कागदावर मिळावे, ही यादीमागची भूमिका मुळात समतेची आहे. ज्याच्या घरी इंग्रजी बोलले जात नाही त्या विद्यार्थ्याला यादी लपलेला नियम उघड करून दाखविते. मराठी विद्यार्थ्याच्या बाबतीत शब्दयोगींची यादी तर विशेष उपकारक ठरते, कारण त्याच्या चुका अज्ञानाच्या नसून मातृभाषेच्या शिस्तीच्या असतात. मराठीत लग्न कोणाशी तरी होते, म्हणून तो ‘मॅरीड’ पुढे ‘विथ’ ठेवतो. इंग्रजीला तेथे ‘टू’ हवे असते. मराठीत एखाद्यावर रागावतात, म्हणून ‘अँग्री ऑन’. मराठीत एखाद्या विषयावर किंवा विषयाबद्दल चर्चा होते, म्हणून ‘डिस्कस अबाउट’. मराठीत मुलगी गणितात हुशार असते, म्हणून ‘गुड इन मॅथ्स’. प्रत्येक चुकीमागे एक बरोबर मराठी वाक्य उभे आहे. ही वाक्ये शेजारी ठेवून केलेली यादी पाठांतराची राहणार नाही. ती दोन भाषांच्या तुलनेचा पाठ होईल. बाजारात मिळणाऱ्या याद्या सर्व देशांतील सर्व विद्यार्थ्यांसाठी एकच असतात, म्हणून हा पाठ त्यांत सापडत नाही.

येथे मराठी शालेय परंपरेतील एका जुन्या प्रश्नाची आठवण उपयुक्त ठरेल : ‘पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा.’ मार्गदर्शकांतील तयार वाक्यांनी या प्रश्नाचे तेज कमी केले हे खरे. तरीही त्यामागील भाषाविचार पक्का आहे. अर्थ सांगणे पुरेसे नाही, वापर करता आला पाहिजे. आणि वापर करण्यासाठी प्रसंग कल्पावा लागतो. गचकण्याचा आणि देवाज्ञेचा फरक वाक्यातच उघड होतो. दाते आणि कर्वे यांनी ‘महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश’ सिद्ध करून मराठीतील ही संपत्ती गोळा केली. शाळेतील तो प्रश्न तिला चलनात ठेवण्याचा प्रयत्न होता. यंत्राने तपासायच्या परीक्षेत हा प्रश्न मावत नाही. लाखोंच्या उत्तरपत्रिका त्वरेने आणि एकाच मापाने तपासायच्या, तर पर्याय देणे भाग पडते. प्रमाणीकरणाची ही किंमत आहे, आणि ती मान्य करूनच परीक्षेचा विचार करावा लागतो.

हा विचार अमेरिकेपुरता राहिलेला नाही. २०२२ पासून भारतातील केंद्रीय विद्यापीठांच्या पदवी प्रवेशासाठी सामायिक परीक्षा सुरू झाली. तिच्या भाषाविभागात इंग्रजी आणि मराठी यांच्यासह तेरा भाषा आल्या. उताऱ्यावरील आकलन आणि शब्दसंपदा हे त्यातील घोषित घटक आहेत आणि प्रश्न बहुपर्यायी आहेत. त्यामुळे ‘सामान्य’ या विशेषणाचा प्रश्न आता मराठीलाही विचारला जाईल. ‘पानिपत होणे’ पुण्याच्या विद्यार्थ्याला सामान्य वाटेल. पिढ्यान्पिढ्या तंजावरात, बडोद्यात किंवा ग्वाल्हेरात राहिलेल्या मराठी कुटुंबातील मुलाला तो किंवा दुसरा एखादा वाक्प्रचार तितकाच सामान्य असेल असे गृहीत धरता येणार नाही. आणि त्याच्या घरात जपलेले वाक्प्रचार पुण्यात कदाचित कोणी ऐकलेलेही नसतील. इंग्रजीच्या यादीत मराठी मुलगा ज्या जागी उभा आहे, त्याच जागी मराठीच्या यादीत बृहन्महाराष्ट्रातील मुलगा उभा राहू शकतो.

परीक्षेतून वाक्प्रचार हद्दपार करावेत, असा निष्कर्ष यातून निघत नाही. वाक्प्रचार टाळणारी भाषा कोणी बोलत नाही, आणि महाविद्यालयातील वाचनात ते येणारच. मात्र सुटा वाक्प्रचार देऊन अर्थ विचारणे म्हणजे विद्यार्थी कोठे वाढला हे विचारणे होय. तोच वाक्प्रचार पुरेशा संदर्भासह उताऱ्यात आला, तर त्या रूढीबाहेरच्या विद्यार्थ्यालाही संदर्भावरून अर्थाकडे जाण्याची वाट मिळते, आणि मग जे मोजले जाते ते वाचन असते. रूढीच्या आतल्या विद्यार्थ्याचा लाभ तेथेही संपत नाही. पण तो निर्णायक राहत नाही. प्रवेशाची एखादी जागा एखाद्या गुणाने मिळते किंवा हुकते, तेथे हा फरक लहान मानता येणार नाही.