‘भारत मार्ग’ आणि न्हावा-शेवा : परराष्ट्रधोरणविषयक एका ग्रंथाचे चिकित्सक वाचन

प्रास्ताविक

आंतरराष्ट्रीय राजकारणावर मराठीत लेखन होत नाही असे नाही. परंतु ज्याने धोरण प्रत्यक्ष राबविले त्याचेच विवेचन मराठी वाचकाच्या हाती पडावे, हा योग दुर्मिळ होय. डॉ. एस. जयशंकर यांचा मूळ इंग्रजी ग्रंथ २०२० मध्ये प्रसिद्ध झाला आणि ‘भारत मार्ग’ हा त्याचा मराठी अनुवाद जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात प्रकाशित झाला. लेखक २०१५ ते २०१८ या काळात परराष्ट्र सचिव होते व मे २०१९ मध्ये परराष्ट्रमंत्री झाले. साहजिकच राज्यशास्त्राचा विद्यार्थी अशा ग्रंथाकडे प्रमाणग्रंथ म्हणून पाहतो, आणि नेमक्या याच कारणाने त्याची चिकित्सा आवश्यक ठरते. ज्या ग्रंथाचा कर्ता स्वतःच धोरणकर्ता आहे, त्यातील युक्तिवाद व समर्थन यांची सरमिसळ वेगळी करणे हे वर्गात शिकविणाऱ्याचे काम आहे.

प्रस्तुत लेखात ही चिकित्सा दिल्लीच्या नव्हे, तर नवी मुंबईला लागून असलेल्या उरण तालुक्यातील न्हावा-शेवा बंदराच्या दृष्टीने करावयाची आहे. २६ मे १९८९ रोजी कार्यान्वित झालेले हे बंदर देशातील कंटेनर वाहतुकीचे एक प्रमुख केंद्र आहे. उदयोन्मुख सत्ता म्हणून भारताचा जो बोलबाला होतो, त्याची वजनदार बाजू येथील धक्क्यांवर चढते आणि उतरते.

अवधचा धडा आणि वसईचा तह

ग्रंथाचा मुख्य विचार थोडक्यात असा : जग बहुध्रुवीय होत असून भारताने कोणत्याही एका गटाशी बांधून न घेता सर्व सत्तांशी एकाच वेळी व्यवहार करावा, त्यांच्यातील विरोधांचा लाभ घ्यावा आणि जुन्या मतांची पुनर्तपासणी करावी. फाळणी, उशिरा आलेल्या आर्थिक सुधारणा आणि अण्वस्त्रविषयक निर्णयाचे लांबलेले घोंगडे ही भूतकाळाची तीन ओझी लेखक सांगतात. ही मांडणी स्पष्ट आहे, व तीत अकारण अलंकरण नाही, हे प्रथमच मान्य केले पाहिजे.

आरंभीचे प्रकरण अवधच्या नवाबीवर आहे. सत्यजित राय यांच्या १९७७ च्या चित्रपटातील बुद्धिबळात रंगलेले सरदार आणि दाराशी आलेली कंपनी या प्रतिमेतून लेखक सांगतात की, बाहेरच्या सत्तेच्या हालचालींविषयीची बेफिकिरी राज्य बुडविते. प्रतिमा बोलकी आहे. परंतु मराठी वाचकाच्या मनात येथे एक शंका उभी राहते. पुणे दरबार बेफिकीर नव्हता. नाना फडणविसांनी इंग्रजांविरुद्ध हैदर, निजाम व नागपूरकर भोसले यांना एकत्र आणून १७८० च्या सुमारास जी चौघांची युती उभी केली, ती आजच्या परिभाषेत बहुपक्षीय मुत्सद्देगिरीचा उत्तम नमुना ठरावी. इंग्रजांनी निजाम व भोसले यांना एकेक करून फोडले, १७८२ मध्ये सालबाईचा तह झाला, आणि पुढे वीस वर्षांनी, ३१ डिसेंबर १८०२ रोजी, दुसऱ्या बाजीरावाने वसईस स्वतःच तैनाती फौज स्वीकारली. घरातील यादवी हे त्याचे निकटचे कारण होते.

तात्पर्य, अवधचे उदाहरण घेतले की दोष केवळ आळसाचा ठरतो आणि सावधपणा हाच उपाय ठरतो. पुण्याचे उदाहरण घेतले की अधिक अवघड प्रश्न समोर येतो : सावध, कुशल आणि सर्वांशी बोलणी करणारी सत्तासुद्धा आपल्या मित्रांना बलाढ्य प्रतिस्पर्ध्यापासून वाचवू शकत नसेल, तर त्या कौशल्याची मर्यादा कोठे येते? ग्रंथात या प्रश्नाला पुरेशी जागा मिळालेली नाही.

चाबहार : कसोटीचे उदाहरण

या मर्यादेचे उदाहरण उरणच्या बंदराशीच निगडित आहे. इराणमधील चाबहार बंदराचा विकास करण्यासाठी २०१५ मध्ये ‘इंडिया पोर्ट्स ग्लोबल लिमिटेड’ ही कंपनी स्थापन झाली, ती जवाहरलाल नेहरू बंदर आणि कांडला बंदर यांचा संयुक्त उपक्रम म्हणून. पुढे २०१८ मध्ये तिची मालकी सागरमाला विकास कंपनीकडे गेली. पाकिस्तानला वळसा घालून अफगाणिस्तान व मध्य आशियात पोहोचावे, हा मूळ हेतू. २००३ मध्ये इराणशी तत्त्वतः सहमती झाली होती. सीमा सडक संघटनेने अफगाणिस्तानात बांधलेला सुमारे २१८ किलोमीटरचा झरंज–देलाराम रस्ता २००९ मध्ये हस्तांतरित झाला. मे २०१६ मध्ये तेहरान येथे भारत, इराण व अफगाणिस्तान यांचा त्रिपक्षीय करार झाला. डिसेंबर २०१८ मध्ये भारतीय कंपनीने शहीद बेहेश्ती बंदराचे काम हाती घेतले. म्हणजे सहमतीपासून कामकाजापर्यंत पंधरा वर्षे लोटली. याच किनाऱ्यावर काही अंतरावर असलेल्या पाकिस्तानातील ग्वादर बंदरात चीनने त्याच काळात काय उभे केले, याची तुलना विद्यार्थी आपण होऊन करतात. शिक्षकाला सांगावे लागत नाही.

विलंबाहून महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये अमेरिकेने इराणवरील निर्बंधांतून चाबहारला सवलत दिली, म्हणून काम सुरू राहू शकले. मे २०१९ मध्ये तेलखरेदीवरील सवलत संपली आणि भारताने इराणी तेल घेणे थांबविले. १३ मे २०२४ रोजी दहा वर्षांचा करार झाला. त्यात सुमारे १२ कोटी डॉलरची गुंतवणूक व २५ कोटी डॉलरच्या कर्जाची तरतूद होती. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने चाबहारची सवलत काढून घेतली आणि त्यानंतर ऑक्टोबरात ती सहा महिन्यांपुरती पुन्हा दिली. दहा वर्षांच्या कराराला सहा महिन्यांची सवलत, हे गणित ‘भारत मार्ग’च्या वाचकाने समोर ठेवावे. सर्वांशी संबंध ठेवणे ही स्वायत्तता खरी. परंतु त्या संबंधांतील एखादा धागा केव्हा तोडायचा हे तिसऱ्याच्या हाती असेल, तर तिला स्वायत्ततेपेक्षा कौशल्यपूर्ण अवलंबन म्हणणे अधिक अचूक ठरेल.

अर्थात पद्धती सर्वस्वी निष्फळ आहे असे म्हणणेही अन्यायाचे होईल. १३ एप्रिल २०२४ रोजी होर्मुझच्या सामुद्रधुनीजवळ इराणने ‘एमएससी एरीस’ हे जहाज ताब्यात घेतले. ते न्हावा-शेव्याकडे निघाले होते आणि त्यावरील २५ खलाशांपैकी १७ भारतीय होते. भारताने इराणशी संवाद तोडला नाही. मे महिन्याच्या पूर्वार्धात काही भारतीय खलाशी सुटले आणि बरोबर एका महिन्याने चाबहारचा करार झाला. गटबद्ध राष्ट्राला हे इतक्या सहजतेने साधले नसते. हा दाखला ग्रंथानंतरचा असला तरी त्याच्या बाजूचा आहे.

सीमा धक्क्यापर्यंत आली आहे

ग्रंथाचा भर राष्ट्रांवर व नेत्यांवर आहे, आणि येथे त्याची दृष्टी अपुरी पडते. जून २०१७ मध्ये युक्रेनला लक्ष्य करून सोडलेल्या संगणकीय विषाणूने मर्स्क या डॅनिश समूहाची यंत्रणा ठप्प केली आणि त्या समूहाकडून चालविले जाणारे न्हावा-शेव्याचे टर्मिनलही बंद पडले. ज्या युद्धात भारत पक्षकार नव्हता, त्याचा फटका उरणच्या रस्त्यांवर ट्रकांच्या रांगांत दिसला. येथील टर्मिनले दुबई, सिंगापूर व डेन्मार्क येथील कंपन्यांच्या सहभागाने चालतात, हे लक्षात घेतले म्हणजे ‘राष्ट्रीय’ बंदर या शब्दाचा अर्थच पुन्हा तपासावा लागतो.

जानेवारी २०२४ मध्ये चीनमधून कराचीकडे जाणारे ‘सीएमए सीजीएम अटिला’ हे जहाज येथे अडविण्यात आले. त्यातील यंत्र पाकिस्तानच्या क्षेपणास्त्र कार्यक्रमासाठी वापरले जाण्याचा संशय होता. मे २०२५ मध्ये पाकिस्तानी मालाच्या आयातीवर पूर्ण बंदी आल्यानंतर जून २०२५ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने दुबईमार्गे आलेल्या अशा मालाचे ३९ कंटेनर, सुमारे १,११५ टन, याच बंदरात पकडले. म्हणजे परराष्ट्रधोरणाचा एक मोठा भाग राजदूत नव्हे, तर सीमाशुल्क अधिकारी व कागदपत्रे तपासणारा कारकून राबवीत असतो. नोकरशाही आणि जनसामान्य यांच्या संबंधावर लेखकाचे स्वतंत्र प्रकरण आहे. पण त्यातील जनसामान्य म्हणजे मुख्यतः मत असलेला नागरिक. काम करणारा माणूस तेथे फारसा भेटत नाही.

कृष्ण आणि खांडववन

ग्रंथातील सर्वाधिक चर्चिले गेलेले प्रकरण महाभारतावरचे आहे. कृष्ण हा श्रेष्ठ मुत्सद्दी, आणि निर्णायक क्षणी नियमांपेक्षा परिणाम पाहण्याची त्याची तयारी अनुकरणीय, असा त्याचा रोख. भारतीय विचारवंतांनी आपल्या परंपरेतून संकल्पना घडवाव्यात, हा आग्रह स्वागतार्हच आहे. मात्र मराठीत महाभारताची चर्चा करताना इरावती कर्वे यांच्या ‘युगान्त’ला ओलांडून जाता येत नाही. खांडववन जाळण्याचा प्रसंग कर्वे यांनी पराक्रम म्हणून नव्हे, तर नव्या राज्यासाठी जमीन मोकळी करताना तेथील रहिवाशांचा केलेला संहार म्हणून वाचला. इंद्रप्रस्थाचे वैभव आणि मयसभा त्याच राखेवर उभ्या राहिल्या.

हे वाचन उरणमध्ये अपरिचित वाटत नाही. सिडकोच्या स्थापनेनंतर (१९७०) नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल व उरण परिसरातील ९५ गावांची जमीन संपादनाखाली आली. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी झालेल्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मे झाले. साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे धोरण त्या लढ्यातून आले. बंदरासाठी विस्थापित झालेल्या शेवा गावातील कोळी कुटुंबांना हनुमान कोळीवाड्यात वसविण्यात आले, आणि तेथील वाळवीने पोखरलेली घरे व पुन्हा पुनर्वसनाची मागणी हा विषय दशकानुदशके रेंगाळत राहिला. ही तुलना शब्दशः घ्यावयाची नाही, हे सांगण्याची वस्तुतः गरज नसावी.

मुद्दा असा की, ज्याला राष्ट्रहित म्हटले जाते त्याचा ताळेबंद मांडताना ग्रंथकार मिळकतीच्या रकान्यात अमेरिका, चीन, जपान, रशिया यांच्याशी झालेले व्यवहार लिहितात. खर्चाच्या रकान्यात भूतकाळातील तीन ओझी येतात. शेव्याचा कोळी त्या दोन्ही रकान्यांत नाही. चाबहारसारख्या प्रकल्पाचे परीक्षण करताना आपण परकीय दबावाची चर्चा तावातावाने करतो. आणि ते चालविण्यासाठी ज्या बंदराचे नाव व अनुभव वापरला गेला, त्याच्या पायाखालील गावांची चर्चा मात्र जिल्हा प्रशासनाचा विषय म्हणून बाजूला ठेवतो. अभ्यासक्रमातही परराष्ट्रधोरण व भूसंपादन हे दोन वेगळ्या प्रश्नपत्रिकांत येतात.