गोडसे भटजींची आठवण आणि आपला फोन

विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ आपण बहुधा १८५७ च्या बंडाची साक्ष म्हणून वाचतो. प्रत्येक गोष्टीसाठी इंटरनेटवर विसंबणाऱ्या आजच्या काळात मला तो दुसऱ्याच प्रश्नासाठी महत्त्वाचा वाटतो : आपण जे जाणतो ते ठेवायचे कुठे?

वरसईचा हा भिक्षुक द्रव्यार्जनासाठी उत्तरेकडे निघाला आणि झाशीच्या वेढ्यात सापडला. एप्रिल १८५८ मध्ये ह्यू रोजच्या फौजेने शहर घेतले. त्यानंतरच्या कत्तलीच्या आणि लुटीच्या वर्णनात राजवाड्यातल्या ग्रंथसंग्रहाचा नाश येतो, आणि गोडश्यांची लेखणी तिथे विशेष हळहळते. पिढ्यांनी जमवलेल्या पोथ्या एका ठिकाणी होत्या. त्या एकदमच गेल्या.

सुमारे पंचवीस वर्षांनी चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून गोडश्यांनी हे सारे आठवून लिहिले. पाठांतरावर वाढलेल्या माणसाची ही स्मृती. तरीही मी तिचे गोडवे गाणार नाही. तिच्यात तपशील चुकतात, ऐकीव हकिगती मिसळतात. शिवाय त्या पोथ्यांतला मजकूर तिने परत आणलेला नाही. पण तिथे काय होते आणि काय गेले, हे सांगायला कोणीतरी उरला. नाश झाल्याची जाणीव तरी वाचली.

दतिया गेटपाशी, जुन्या तटाच्या परिसरात, मी या पुस्तकाची पाने फोनवर पुन्हा चाळली. पुण्यामुंबईतले ग्रंथालय न गाठता ते हाती आले, हे इंटरनेटचेच देणे. ते नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. मात्र मी कोणता ‘माझा प्रवास’ वाचतो आहे, हा प्रश्न मलाच विचारावा लागला. वैद्यांनी १९०७ मध्ये छापलेला मजकूर त्यांनी बराच संस्कारित केलेला आहे; मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी तो १९६६ मध्ये प्रसिद्ध केला. हिंदी वाचकाला तो अमृतलाल नागरांच्या ‘आँखों देखा गदर’मधून भेटतो. शोधाच्या चौकटीत मात्र नाव टाकले की उत्तर येते, आणि उत्तर आले की हे पदर चाचपण्याची इच्छाच मावळते.

आपल्या परावलंबनाची खरी खूण मला इथे दिसते. फोनमुळे आपण आळशी झालो, ही तक्रार वरवरची आहे. ‘हे कोणी सांगितले, पाहून की ऐकून?’ हे विचारण्याची सवय सुटणे अधिक गंभीर आहे. गोडसे वाचताना ती सवय पुन्हा लागते, कारण तिथे चुकणारा माणूस समोर असतो, त्याची उलटतपासणी करता येते.

एका सरकारी आदेशाने जिल्ह्याचे इंटरनेट बंद होऊ शकते, असा आपला काळ आहे. तेव्हा फोनमध्ये साठवावे, जरूर साठवावे. पण त्यात काय आहे एवढे तरी आपल्याला तोंडी सांगता यावे.