हात, कान आणि नाव : युद्धकालीन नभोवाणीचे मनोरंजन

नभोवाणीवरील करमणुकीचे कार्यक्रम हा समीक्षेचा विषय होऊ शकतो, ही गोष्ट आपण अद्याप मनापासून मान्य केलेली नाही. सैनिकांसाठी आणि कारखान्यांतील कामगारांसाठी योजलेले कार्यक्रम तर निव्वळ प्रचाराच्या खात्यात टाकून आपण मोकळे होतो. वास्तविक या कार्यक्रमांनी कलाविचारातील एक जुना प्रश्न फार उघडपणे उभा केला आहे. ज्या रचनेचे प्रयोजन तिच्याबाहेर आहे, तिचे मूल्य कोणत्या कसोटीने ठरवावयाचे?

या प्रश्नाच्या दृष्टीने बंगळुरूचे उदाहरण उद्बोधक आहे. मुळात हे छावणीचे शहर. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी म्हैसूर संस्थानच्या सहकार्याने २३ डिसेंबर १९४० रोजी येथे हिंदुस्थान एअरक्राफ्टची स्थापना केली, आणि १९४३ मध्ये तो कारखाना विमानांच्या दुरुस्तीसाठी अमेरिकन सैन्याकडे गेला. पुढे १९५४ मध्ये जालहळ्ळीस भारत इलेक्ट्रॉनिक्स उभी राहिली. सैन्याची दळणवळणयंत्रे करणाऱ्या या कारखान्याने १९६४ पासून आकाशवाणीचे प्रक्षेपकही घडविले. सैनिक, कामगार आणि नभोवाणी यांचा असा सांधा अन्यत्र क्वचितच आढळेल.

कामगाराच्या कानाचा पद्धतशीर विचार युद्धकालीन ब्रिटनमध्ये झाला. २३ जून १९४० रोजी बी.बी.सी.ने ‘म्यूझिक व्हाइल यू वर्क’ हा कार्यक्रम सुरू केला. दिवसातून दोनदा, अर्धा अर्धा तास, परिचित सुरावटी अखंड वाजावयाच्या. आवाजात चढउतार नसावा, लय मंदावू नये, लक्ष वेधून घेईल असे काही त्यात असू नये, हा दंडक. श्रोत्यांनी टाळ्यांची साथ द्यावी असे एक लोकप्रिय गीत वगळण्यात आले. कारण टाळीसाठी हात यंत्रावरून उचलावे लागतात! या एका निर्णयात त्या कार्यक्रमाचे सारे सौंदर्यशास्त्र सामावले आहे. तेथे कान हा हातापर्यंत पोहोचण्याचा केवळ मार्ग होता.

बा. सी. मर्ढेकरांनी लयीचे संवाद, विरोध आणि समतोल असे तीन प्रकार मानले, हे वाचकांस स्मरत असेलच. स्वतः मर्ढेकर नभोवाणीच्या सेवेत होते. त्यांची परिभाषा येथे लावून पाहिली तर असे दिसते की, कारखान्यातील संगीतातून विरोधलय हेतुपुरस्सर काढून टाकलेली असते. विरोध नाही म्हणून समतोलही नाही. उरतो तो यंत्राशी जुळवून घेतलेला एकसुरी संवाद. तेव्हा उपयुक्ततेमुळे कला हीन होते असे सरसकट म्हणणे योग्य नव्हे. उपयुक्ततेसाठी लयीचे कोणते अंग छाटले गेले, हे पाहावयास हवे.

आपल्याकडील ‘जयमाला’ या कसोटीवर वेगळी ठरते. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणीमंत्री असताना चित्रपटगीतांना आकाशवाणीवर जागा उरली नाही, आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली ती या पार्श्वभूमीवर. तिच्या ‘जयमाला’त सैनिकांच्या आवडीची गीते लागत, पण त्यापूर्वी त्यांची नावे वाचली जात. सैनिकाच्या पत्त्यात ‘५६ ए.पी.ओ.’ एवढेच असते. तो कोठे आहे हे त्यावरून कळत नाही. स्थळ असे झाकलेले असता नाव मात्र देशभर उच्चारले जाते, यात जो ताण आहे तो गीतात नाही, फर्माईशीच्या रचनेतच आहे. ही खरी विरोधलय होय. घरी ऐकणाऱ्यास ते नाव गीताहून मोलाचे वाटले असल्यास नवल नाही.

अर्थात या प्रकाराची मर्यादाही स्पष्ट आहे. निवेदनात शौर्याची ठरावीक विशेषणे येऊ लागली की, नाव घेऊन आलेला माणूस ‘जवान’ या नमुन्यात पुन्हा विरून जातो. शिवाय ‘जयमाला’तील हक्क गणवेशाचा होता, प्रक्षेपक घडविणाऱ्या जालहळ्ळीच्या कामगारास आपली आवड कळवावयाची तर सर्वसाधारण श्रोत्यांच्या रांगेत उभे राहावे लागे. आघाडी आणि कारखाना यांना युद्ध एकत्र आणते, पण ऐकण्यातील प्रतिष्ठा दोघांना सारखी वाटत नाही.

म्हणून अशा कार्यक्रमांची समीक्षा करताना त्यांनी किती मनोधैर्य वाढविले, किती उत्पादन वाढविले, हे मोजण्याचे काम इतरांवर सोपवावे. आपण विचारावयाचा प्रश्न निराळा आहे. या रचनेने श्रोत्यास हात मानले की माणूस? टाळी वर्ज्य करणारा कार्यक्रम आणि नाव उच्चारणारा कार्यक्रम, दोन्ही राज्यसंस्थेच्याच गरजेतून जन्मले. परंतु पहिल्याने श्रोत्याचे उत्तर नाकारले, तर दुसरा श्रोत्याच्या पत्रानेच सुरू झाला. वाङ्मयाचा आरंभही असाच कोणीतरी कोणालातरी नावाने हाक मारण्यात असतो. निवेदनाच्या त्या संहितांचा आणि त्या पत्रांचा अभ्यास म्हणूनच वाङ्मयाच्या अभ्यासकांनी आपला मानला पाहिजे.